डावी बाजू

४ फेब्रुवारी, रविवार

फॉर्मवर खोटं लिहिलं.

नववा प्रश्न होता — दृष्टी, श्रवण, हृदय, सांधे, काही त्रास आहे का? मी 'नाही'वर खूण केली आणि कागद पटकन उलटा करून दिला. डाव्या कानानं मला काहीही ऐकू येत नाही. गेल्या वर्षीच्या तापात गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, दुसरा ठणठणीत आहे, त्याला जपा. हे त्यांना माहीत, मला माहीत, आणि आता या वहीला.

घरी कळायचा प्रश्नच नाही. ह्यांची तीस वर्षं छापखान्यात मशीनपाशी गेली. घरातसुद्धा मीठ मागायचं तर ओरडून. शेजाऱ्यांना ऐकू जातं, मग मला जाणारच.

जाहिरात आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या काचेवरच चिकटवली होती. स्वयंसेवक हवेत, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना डोंगरावर, नदीवर न्यायला, अनुभव नसला तरी चालेल, आम्ही शिकवू. पोरगा नोकरीला लांब गेल्यापासून माझा पाय घरात ठरत नाही. दोन आठवडे ती जाहिरात मी काउंटरमागून उलटी वाचली. शेवटी आज गेले.

शिकवणाऱ्या बाईंनी बावीस वर्षं रुग्णवाहिका चालवली आहे. सगळे त्यांना कप्तानबाई म्हणतात. म्हणाल्या, "पाच रविवार शिकायचं. सहाव्या रविवारी मुलांना घेऊन खरी नदी."

खरं लिहिलं असतं तर? हाकललं नसतं त्यांनी. डबे सांभाळायला बसवलं असतं. ते मला नको होतं.

७ फेब्रुवारी

दुकानात एक मास्तर आले. कागद हातभर लांब धरून वाचत होते. "चष्मा नकोय हो मला, हल्ली छपाईच बारीक करतात." मालक आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. मग माझं हसू अर्ध्यावरच थांबलं.

११ फेब्रुवारी, रविवार

दोराच्या गाठी. माझ्या जोडीला एक प्लंबर आहे. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. "ताई, गाठ नळासारखी असते. ओढल्यावर ठिबकली नाही म्हणजे बसली." मला सातव्यांदा जमली. त्यानं टाळ्या वाजवल्या तर बाकीचे उगाच बघायला लागले.

मग शिट्ट्या. एक म्हणजे थांबा. दोन म्हणजे माझ्याकडे या. तीन म्हणजे धोका. कप्तानबाई झाडीत जाऊन शिट्टी मारायच्या आणि आम्ही डोळे मिटून बोट दाखवायचं — आवाज कुठून आला. एका कानावर दिशा कळत नाही. मला जगातले सगळे आवाज उजवीकडूनच येतात. मी पापण्यांच्या फटीतून प्लंबरचं बोट बघितलं आणि माझंही तिकडेच वळवलं. चार वेळा.

"शाब्बास," म्हणाल्या.

मी सोडलेला दोर उगाच पुन्हा गुंडाळत बसले.

१२ फेब्रुवारी

दिवसभर काउंटरखाली पाय हलत होता. मालक म्हणाले, "अहो, काचा वाजताहेत."

१८ फेब्रुवारी, रविवार

आज वर्गातच. आठ जण गोल करून बसलो. कप्तानबाईंनी विचारलं, "मुलांना कणखर करायचं म्हणजे काय करायचं?" कुणी म्हणालं, थंडीवाऱ्यात न्यायचं. कुणी म्हणालं, रडू द्यायचं नाही. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "रुग्णवाहिकेत मी एक बघितलं. जो वेळेवर म्हणाला 'मला जमत नाहीये', तो बहुतेक वाचला. जो म्हणाला 'काही नाही हो, ठीक आहे', त्याला आम्ही उचलून आणला. पोरांच्या तोंडून ते वाक्य निघालं पाहिजे. आणि निघेल तेव्हा तिथं कुणीतरी ऐकणारं हवं."

मी वहीत उतरवून घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

नंतर नाटक. प्लंबर रुसलेला मुलगा झाला आणि जमिनीवर बसून राहिला. आम्ही त्याला उठवायचं. सगळ्यांनी गोडीगुलाबी केली, कुणी दरडावलं. तो ढिम्म. मी नुसती शेजारी बसले, कारण बोलायला काही सुचेना. पाच मिनिटांनी तो आपणहून उठला. "या ताईंनी मला काहीच विचारलं नाही, बरं वाटलं," म्हणाला. कप्तानबाईंनी माझ्या नावापुढे काहीतरी टिपलं.

आनंद झाला. लपवायचं काय? लहान पोरीसारखा आनंद झाला.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज मुलं आली. तेरा जण. प्रत्येकानं दोन-तीन मुलांशी ओळख करून घ्यायची आणि टेकडी चढून उतरायची.

माझ्याकडे दोन भावंडं — अखंड बडबड — आणि एक चौदा वर्षांची मुलगी. तिला सगळे सायलेंट म्हणतात. ती चिडत नाही, हे मला आवडलं नाही. आई आणि आजोबांबरोबर राहते. बोलते ते ओठातल्या ओठात, मान खाली घालून. मी हो का म्हणते, छान म्हणते. वर्षभरात मी ही कला कमावली आहे — समोरच्याचे ओठ थांबले की मान हलवायची, थोडं हसायचं. दहापैकी नऊ वेळा खपून जातं.

उतरताना तिनं माझ्या पिशवीचा पट्टा धरला होता. मी तो सोडवला नाही. तिनंही सोडला नाही.

३ मार्च, रविवार

पास. आठही जण. स्वयंसेवकाचं केशरी जाकीट मिळालं. ह्यांनी ते दारात उभं राहून अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात दाखवलं — "आमची ही आता डोंगर चढवणार पोरांना!"

सगळे कौतुक करत होते. मी जाकिटाची चेन वरखाली करत होते.

९ मार्च, शनिवार

उद्या नदी.

पिशवी तीनदा भरली, तीनदा रिकामी केली. पट्ट्या, दोर, कोरडे कपडे, गोळ्या, शिट्टी. दुपारी कप्तानबाईंना फोन लावला. त्या "बोला" म्हणाल्या. मी विचारलं, "पाणी किती वाजता कमी असतं?" हे कागदावर लिहिलेलं होतं. तरी त्यांनी सांगितलं.

ह्यांनी विचारलं, "काय गं, घरभर फिरतेयस नुसती?" म्हटलं, पाय मोकळे करतेय.

१० मार्च, रविवार

कपडे अजून ओले आहेत, पण आधी लिहून काढते. नाहीतर उद्या मी मलाच काहीतरी वेगळं सांगेन.

या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधला होता. पाणी कमरेएवढं, तळ वाळूचा, मधे काही गोटे. एकेका मुलानं दोर धरून पलीकडे जायचं, मागे एक मोठं माणूस. प्लंबर खालच्या अंगाला, पाण्यात उभा. कप्तानबाई पलीकडच्या काठावर. सगळं नीट मांडलेलं होतं.

भावंडं हसत गेली. मग सायलेंट. नदीचा आवाज नुसता कानात भरलेला. ती माझ्या डाव्या अंगाला उभी होती. ती काहीतरी बोलली. माझी मान वळेपर्यंत तिचे ओठ मिटले होते. मी मान हलवली. हसले. म्हणाले, "हो हो. काही होत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दोर धरला.

मधोमध ती थांबली. पुढचा पाय टाकेना. मी मागून म्हणत राहिले, चल, चल, थोडंच राहिलं. गोट्यावरून पाय घसरला, तिनं दोर सोडला आणि ती पाण्याखाली गेली. मी हात घातला तर हाताला नुसती बाही लागली, तीही निसटली. मग तिचं डोकं वर आलं, पुन्हा गेलं. प्लंबरनं तीन ढांगांत तिला गाठलं. काखेत हात घालून उचललं. सगळं मिळून अर्धं मिनिट झालं असेल. मला अर्ध्या मिनिटाचे हे एवढे तुकडे आठवताहेत.

ती खोकली, पाणी ओकली. थरथरत होती. बाकी काही नाही. खरंच काही नाही.

कप्तानबाईंनी तिला घोंगडीत गुंडाळलं आणि हळूच विचारलं, "पाण्याची भीती वाटते, हे सांगायचं नाही का?"

ती म्हणाली, "मी ताईंना सांगितलं होतं. मला जमणार नाही म्हणून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "हो, सांगितलं होतं. मला वाटलं, जमेल तिला."

बहिरी ठरण्यापेक्षा मला निर्दय ठरणं सोपं वाटलं. हे मी आज लिहून ठेवते.

११ मार्च

सकाळी कप्तानबाईंचा फोन. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट.

"तिनं सांगितलं, तुम्ही ऐकलंत, आणि तरी उतरवलंत?"

"हो."

"मग मी तुमच्याकडे पुन्हा मुलं देऊ शकत नाही. एखाद्याला ऐकू आलं नाही, तर मी समजू शकते. ऐकून सोडून देणं मला समजत नाही."

फोन ठेवल्यावर मी उजवा कान हातानं झाकून बसले. घर एकदम थांबलं.

१२ मार्च

जाकीट धुतलं. घडी केली. पुन्हा उलगडलं.

१३ मार्च

ह्यांना सांगितलं. जेवणाच्या टेबलावर, दुपारीच, कारण आज त्यांना सुट्टी. सगळं — कान, फॉर्म, नदी, फोन.

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे वर्षभर मी कुणाशी बोलत होतो?"

म्हटलं, "माझ्याशीच. तुमचं सगळं ऐकू येतं."

"आणि मी समजत होतो, तू माझं ऐकत नाहीस." हसले थोडे. मग उठून माझ्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्या बाईंना खरं सांग. त्या पोरीला खोटारडी ठरवलं नाहीस, तेवढं बरं केलंस. पण तू जे सांगितलंस तेही खोटंच आहे."

मला त्यांचा हळू आवाज माहीतच नव्हता.

१६ मार्च, शनिवार

कप्तानबाईंचं ऑफिस म्हणजे एक जुनं गॅरेज. भिंतीवर दोर वाळत घातलेले, कोपऱ्यात ओले बूट. त्या एका तंबूच्या शिवणीवर मेण घासत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. मधे थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

त्यांनी मेण बाजूला ठेवलं. "कोणता?"

"डावा."

"पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला पलीकडच्या काठावर उभं केलं असतं. मुलं समोरून तुमच्याकडे आली असती. एवढाच फरक करावा लागला असता." मेण पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "डबे सांभाळायला नसतं बसवलं."

मी डब्यांबद्दल त्यांना काही बोलले नव्हते. बहुतेक सगळ्यांनाच तसं वाटत असावं.

"मला राग तुमच्या कानाचा नाहीये. त्या पोरीनं हिंमत करून पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि तिला वाटतंय, सांगूनही काही उपयोग होत नाही. ते आधी निस्तरा. जाकिटाचं मग बघू."

खरं आहे. आठवडाभर मी माझीच लाज कुरवाळत बसले. त्या पोरीच्या डोक्यात काय चाललं असेल, हे मनातही आलं नाही.

उद्या तिच्या घरी जायचं. तिच्या आईला फोन केला. "या," म्हणाल्या. एवढंच.

१७ मार्च, रविवार

तिच्या आईनं पाणी दिलं आणि आतल्या खोलीत गेल्या. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. म्हटलं, तू सांगितलंस ते मला ऐकूच आलं नव्हतं. तुझी काहीच चूक नाही.

ती समोर बसली होती. सरळ माझ्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मला माहीत होतं, ताई. टेकडीवरच कळलं. आजोबांचं पण तसंच आहे. म्हणून तर त्या बाजूनं सांगितलं — सांगितल्यासारखंही होईल आणि कुणाला कळणारही नाही."

मग विचारलं, "माझं हे तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

सवयीनं मान हलणार होती. मी ती धरून ठेवली.