पुतळ्याचे कपडे

राजा,

रात्रपाळी करून आत्ताच झोपलास, म्हणून उठवलं नाही. खांद्याच्या ऑपरेशनसाठी आज ॲडमिट होतेय. दुकान महिनाभर बंद. मागेच स्टेटसला टाकलं होतं. सगळ्या गिऱ्हाइकांनी बघितलं, तू नसशील बघितलं.

शिलाई बंद असली तरी दुकानाची काच ओकीबोकी दिसता कामा नये, नाहीतर बायका म्हणतील, टेलरबाईंनी गाशा गुंडाळला. एक दिवसाआड काचेतल्या पुतळ्याचे कपडे बदल. हिरवा फ्रॉक त्याला ढगळ होतो, मागून टाचण्या लावून आवळ. समोरून कुणाला कळत नाही. मग फोटो काढून माझ्या फोनवरून स्टेटसला टाक. खाली 'लवकरच भेटू' एवढंच लिही, उगाच शायरी नको.

फोन मशीनवर ठेवलाय. तसाही गिऱ्हाइकांशिवाय त्यावर कोण फोन करतं म्हणा! फोटो दिसला की बायका हमखास विचारतील, "खांदा कसा आहे?" कुणाला ताटकळत ठेवायचं नाही, आणि मनाने काहीतरी ठोकूनही द्यायचं नाही. चौकातलं हॉस्पिटल, दुसरा मजला, संध्याकाळी भेटायला सोडतात. आधी मला येऊन विचार, मग त्यांना सांग.

आई