पेशीतले लाल थेंब

गुरुवार, संध्याकाळ

पेशींमध्ये दिसणारे लाल थेंब म्हणजे रंगाचा कचरा, थीसिसमधून काढून टाक, असं माझे गाइड जोशी सर पंधरा दिवस म्हणत होते. मला पटेना. जास्तीचं कोलेस्टेरॉल पेशीला बाधतं, म्हणून ती ते थेंबांत साठवते. मग हे तेच का नसावेत? आज दोन डिशमधल्या पेशी चरबी लाल करणाऱ्या रंगाने सारख्याच रंगवल्या. एकीतल्या पेशींना कोलेस्टेरॉल दिलं होतं, दुसरीतल्यांना नाही. लाल थेंब फक्त पहिलीत! सर मायक्रोस्कोपवरून हलेचनात.

"सर, कचरा असता तर दोन्हीकडे दिसला असता ना?"

"सही है भिया," ते खुशीत आपल्या गावाकडच्या हिंदीत म्हणाले, "सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना तूच सांग. मी चुकलो, हेही सांग."

थेंबांचं सांगेन. दुसरं नाही सांगणार.