मागच्या खोलीतील सोळा कुंड्यांबाबत

॥ श्री चौंडेश्वरी माता प्रसन्न ॥

मृत्युपत्र लिहिणार : श्रीमती रेवताबाई लिलाधर मारबते, वय ६४, शिक्षण मॅट्रिक, काम घरसंसार, राहणार मोहाडी, जिल्हा भंडारा.

आज सकाळी पूजा आटोपून, दोन घास खाऊन, चष्मा पुसून मी हे लिहायला बसले. माझी बुद्धी जागेवर आहे. साखर थोडी वाढलेली आहे, पण तिचा अकलेशी संबंध नाही असे डॉक्टरांना विचारून घेतले आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट मुलगा "नको लिहू" म्हणतो, तरी लिहीत आहे.

१. माझे पती कै. लिलाधर जवाहरनगरच्या फॅक्टरीत फिटर होते. सहा वर्षांपूर्वी वारले. मुलगी खुशबू चिखल्याला दिली आहे, जावई खाणीत आहेत. मुलगा भूपेश व सून ज्योत्सना माझ्याजवळ राहतात. बाकी कोणी वारस नाही.

२. मोहाडीचे घर, तीन खोल्या, मागची एक टिनाची खोली व आंगण. यांच्या फंडातून जागा घेतली ती यांनी माझ्या नावे केली. म्हणत, "माह्या नावावर राहिली तं मी भावाले देऊन बसीन." ते खरेच होते.

हे घर भूपेशला द्यायचे आहे, पण एका अटीवर. खाली कलम ४ मध्ये मी जे लिहिले आहे ते खरे आहे, असे त्याने याच कागदावर, माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने लिहावे. लिहिले तर घर त्याचे. न लिहिल्यास घर ज्योत्सनाचे, आणि त्याने बायकोच्या घरात राहावे. तसे राहण्यात लाज नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची आहे.

३. माझी सर्व झाडे, कुंड्या, खुरपे, झारी व रोपांची वही ज्योत्सनाला. सत्तावीस वर्षे फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये काढली. जमीन सरकारी, आपली फक्त गॅलरी. चार वेळा क्वार्टर बदलले, म्हणून जे लावले ते उचलून नेता येईल असे लावले. रंगाचे डबे, तेलाचे पिंप, फुटका माठ, काही फेकले नाही. कोणते रोप कोणत्या तारखेला कोणत्या डब्यातून कोठे गेले, ते वहीत आहे.

ज्योत्सनाने एवढे पाळावे. लहान रोपाला एकदम मोठी कुंडी देऊ नये. मूळ पोचत नाही तेथे पाणी साचते, माती आंबते, रोप पिवळे पडते. मग माणूस आणखी पाणी घालतो. दह्याच्या डब्यातून सहा इंची, सहातून दहा इंची. डब्याच्या बुडाच्या भोकातून पांढरी मुळी डोकावली की बदलायची वेळ झाली. त्याआधी नाही, आणि मुळ्या गोल गोल फिरून जाळे होईपर्यंत थांबणेही नाही. आदल्या सांजेला पाणी द्यावे, उन्हात बदलू नये. बेलाची रोपे दरवर्षी श्रावणात महादेवाच्या देवळी जातात, ती जावीत. त्यांचे पैसे घेऊ नयेत.

मोठी जाऊ बायजाबाई हिने माझी मोगऱ्याची मोठी मातीची कुंडी "दोन दिवसांसाठी" नेली, त्याला अकरा वर्षे झाली. ती मागू नये. मोगऱ्याची फांदीही तिला देऊ नये.

४. यंदा माघात भूपेशची गाडीवरची नोकरी सुटली. त्याने मागच्या खोलीत निळसर-जांभळ्या उजेडाचे दिवे लावले आणि मला म्हणाला, "आई, बिनमोसमी अंबाडी लावून राहिलो. नागपूरचे हॉटेलवाले घेतात."

मी म्हटले, "अंबाडी कुंडीत कोन लावते बा? ते तं बांधावर फेकली तरी येते."

"शहरात आता सारं कुंडीतच लावतेत. तू फक्त सांग, डबा केवढा घेऊ, अन् कधी बदलू?"

सहा वर्षांत पोराने पहिल्यांदा काही विचारले होते. मी सगळे सांगितले. त्याने थेट मोठ्या बादल्या आणल्या होत्या, त्या मी परत करायला लावल्या. पहिल्या वेळी रोपे मी माझ्या हाताने बदलली, तेव्हा ती चार पानांची होती. पुढे तो खोलीला कुलूप लावू लागला. म्हणाला, दार उघडले की उजेड बिघडतो. आत रोज उदबत्तीचा वास येई. मला वाटले, मुलाला देवाची वाट सापडली. मी आपल्या पैशाने उदबत्तीचा मोठा पुडा आणून दिला.

अक्षयतृतीयेला यांच्या नावाचे पान वाढायचे होते. यांना कण्या घातलेली अंबाडीची भाजी फार आवडे. त्या दिवसांत बाजारात अंबाडी कोठून मिळणार? भूपेश बाहेर होता, किल्ली खिळ्यावर होती. आत गेले. कंबरेइतकी झाडे, पंजासारखी पाने, अंबाडीचीच म्हणा. ओंजळभर खुडली. बोटांना चिकट वास लागला. एक पान दाताखाली धरले. अंबाडी आंबट लागते. हे आंबट नव्हते.

ज्योत्सनाला दाखवले. ती म्हणाली, "आई, थुका ते. हात धुवा." मग रडायला लागली. तिला पंधरा दिवसांपासून शंका होती, नवऱ्याच्या भीतीने बोलली नाही. ते मी तिला माफ केले, कारण पुढचे काम तिने माझ्या बरोबरीने केले. तो गांजा होता. सोळा कुंड्या होत्या. आम्ही दोघींनी सगळी झाडे मुळासकट उपटून शेणखड्ड्यात शेणाखाली पुरली. त्या दिवशी यांच्या पानावर वांग्याची भाजी वाढली.

भूपेश आला. "आई, हे काय केलं? किती मेहनत होती माही!"

"मेहनत माही होती. डबा मी सांगतला, माती मी सांगतली, वेळ मी सांगतली."

"अंबाडीच होती म्हणतो नं!"

मी चार पाने ठेवली होती ती पुढे केली. "मंग खा."

त्याने खाल्ली नाही. पण तेव्हापासून गावभर सांगतो, म्हातारीने भरलेली भाजी उपटून माझा धंदा बुडवला. खुशबूलाही फोनवर तेच सांगितले. ती मला म्हणाली, "आई, भाऊच्या पोटावर कायले पाय देतं वं?" मी फोन ठेवून दिला, कारण ती फोनवर बोलण्यासारखी गोष्ट नव्हती. पोलिसांकडेही गेले नाही. तो माझा दोष, तो मी देवीपुढे रोज कबूल करते. पण मी वेडी होऊन भाजी उपटली, हे मी मेल्यावरही खरे म्हणून राहता कामा नये.

५. माझी पोत, पाटल्या व पोस्टातील ठेव खुशबूला. तिने कलम ४ दोनदा वाचावे.

६. माझ्या दिवसाला गोड एकच करावे. मंडप नको.

साक्षीदारांनी वरचा मजकूर वाचण्याची गरज नाही, माझी सही होताना पाहावी. भूपेशने मात्र पूर्ण वाचून खाली लिहावे.

*(भूपेशच्या हाताने)*

वाचलं. कलम ४ खरं आहे. पण कुंड्या सोळा नाही, अठरा होत्या. दोन मी आधीच माह्या दोस्ताच्या, गुलाबच्या घरी नेऊन ठेवल्या होत्या, त्या अजून आहेत. बी त्यानंच देल्लं होतं. खुशबूताईले मी आजच फोन करतो.
भूपेश लिलाधर मारबते

*(रेवताबाईंच्या हाताने)*

दुरुस्ती वाचली. त्या दोन उपटल्याशिवाय मी सही करणार नाही असे सांगितले. भूपेश व ज्योत्सना गुलाबकडे गेले. ज्योत्सनाने समोर उभे राहून उपटवून घेतल्या व परत येऊन मला सांगितले. भूपेशच्या नखांत माती होती. घर भूपेशचे. आता सही करते.

ठिकाण : मोहाडी
दिनांक : १२ जून २०२४, सायंकाळी पावणेसात

सही : रेवताबाई लिलाधर मारबते

साक्षीदार :
१. सोमाजी तुलाराम शेंडे, मोहाडी. दुपारी तीनपासून हजर. सही समोर झाली.
२. रुखमिणी प्रविण नान्हे, मोहाडी. मीही तीनपासूनच. तीन वेळा चहा झाला. काय झालं ते विचारलं नाही. सही समोर झाली.