शिळे आभार

माय, सगळ्यांत आधी आली ती मुलाची आत्या, आणि तीही पायी. गाडी म्हणे कापूसबाजाराच्या तोंडाशीच अडकली, पुढे गाड्या, मागे गाड्या, बैलाला शेपूट हलवायला जागा नाही. बाई कंटाळून खाली उतरली आणि विचारत विचारत आमच्या दारात येऊन उभी राहिली. पदरावर, भुवयांवर, नाकाच्या शेंड्यावर कापसाचे पुंजके. मला वाटलं पिंजारीण आली. म्हटलं, "बाई, आमच्याकडं काही पिंजायचं नाही." तर ती म्हणते, "पिंजाले नाही आली मी, पोरगी पाहाले आली." मी घाईनं तिच्या पदरावरचा कापूस झटकायला लागले. आणि आत चुलीपाशी आपली पोर फिस्सकन हसली, ते आत्याबाईंनी ऐकलं. असा मुहूर्त लागला बघ.

तू गेल्यावर जन्मली ती, तू तिला पाहिलं नाहीस. तुझ्या नातवाची पोर ती, तुझी पणती. तिची आई बाळंतपणात गेली, मीच वाढवली. हनुवटी तुझी आहे, आणि भाकरी थापते तीही तुझ्यासारखी, शेजारच्या घरी ऐकू जाईल अशी. गाते बेसूर, पण मोठ्यानं. कावळ्याशी भांडते. मी तिच्याकडे पाहत बसले की माझं दळण तसंच राहतं. आता हिला द्यायची कुठं, हा घोर दोन वर्षं मला लागलेला. आपली माणसं वऱ्हाडात किती? अमरावतीत बोटांवर मोजावी इतकी घरं, त्यांत लग्नाजोगा मुलगा नाही. शेजारणी चांगल्या आहेत, विस्तव नेतात, भाजी देतात, पण ख्रिस्त्याच्या घरी मुलगी मागायला कोण येणार? शोधत शोधत अकोल्याचं हे एक घर सापडलं. बाप कापसाच्या दलालीत, मुलगा पाद्र्याच्या शाळेत लेकरांना अक्षरं शिकवतो. नाताळात दोघांनी एकमेकांना लांबून पाहिलं होतं. पोर काही बोलली नाही, पण पाहुणे येणार कळल्यावर एकाच दिवसात ओटा दोनदा सारवला तिनं. पहिल्यांदा सारवला तो वाळलाही नव्हता.

मागाहून गाडी आली. बाप उतरला, मुलगा उतरला. बाप मोठा दिलदार माणूस, हं, मी त्याला नावं ठेवणार नाही. आल्या आल्या माझ्या लेकाला म्हणाला, "भाऊ, तुमच्या गावात माणसं रायतेत का नुसत्या गाड्याच?" लेक मापारी ना आता, कापूस तोलायला असतो, त्याला असं बोलणं आवडतं. दोघं हसले. मुलगा आपला खाली पाहून चपला काढत बसला, पायांत चार-चार चपला असल्यासारखा. पुरण शिजलेलं, वांगी झालेली, वरणाला फोडणी पडलेली. मला वाटलं, झालं, आता देवानं ठरवलंच. मी मनातल्या मनात त्या दिवसाचे आभारही बांधून ठेवले होते, गरमागरम.

कारण तुझा नियम या घरात अजून चालतो, माय. तुला आठवतं? जालन्याच्या छावणीत मडमबाईचं स्वयंपाकघर, मागच्या अंगाला, धुराडं कधी न चालणारं, तू तिथं रांधायचीस. मी नवऱ्यामागं लेकरू घेऊन तुझ्याकडे परत आलेली. मडमबाईला ताप, अंगावर दूध नाही, तिचं बाळ रडून निळं पडलेलं. तू काही न विचारता ते माझ्या मांडीवर आणून ठेवलंस. एका बाजूला माझा, एका बाजूला तो पिवळ्या केसांचा. दोघं एकाच झोळीत निजायचे. मडमबाई बरी झाल्यावर तिनं मला ओसरीवर बसवून अक्षरं शिकवली, हे जे वाकडंतिकडं लिहिते आहे ते त्याच पुण्याईचं. आणि रोज जेवणाआधी तू विचारायचीस, आज देवाचे आभार कशाचे? मी म्हणायचे, भाकरीचे. दुसऱ्या दिवशी भाकरीचे. तिसऱ्या दिवशी भाकरीचे म्हटल्याबरोबर तू माझ्या ताटातली भाकरी उचललीस. "शिळे आभार हायेत हे. देवाले काय म्हैस समजली, रोज तोच कडबा टाकाले? आज काय झालं ते पाय, मंग जेव." मी चिडले, रडले, आणि शेवटी म्हणाले, आज धूर पलीकडे गेला, माझ्या डोळ्यांत नाही आला, त्याचे आभार. भाकरी परत मिळाली.

आणि तो एक दिवस. छावणीतला कुणी साहेब जेवायला आला होता, कुठलीशी गढी पाडून. त्यानं मेजावर त्या जयाचे आभार मानले. सगळे आमेन म्हणाले. तू दारात भांडं घेऊन उभी, तुझे ओठ मिटलेले. मडमबाईनं विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, "त्या गावात माही बहीण देली हाय." बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तुला बोलावणं नाही. आपण घरी बसलो, आंबाडीच्या भाजीवर. मी तुला किती बोलले, आठवतं? एक आमेन म्हटलं असतं तर काय जिभेला फोड आला असता? तू कण्या पाखडत राहिलीस. मग एका सकाळी मडमबाईच आली, तोंडाला काजळी, म्हणाली, चूल माझं ऐकत नाही. त्या दिवशीचे तुझे आभार मी विसरणार नाही. तू म्हणालीस, देवा, मडमबाईच्या डोळ्यात धूर गेला, तुझे लई आभार.

हे सगळं पोरीला मी लहानपणापासून इतक्या वेळा सांगितलं की तिला वाटतं ती तिथं होती. चूक माझीच म्हणायची की काय, ते बुधवारी कळेल.

तर पानं वाढली. पाहुण्यांत वडील माणूस म्हणून मुलाच्या बापाला प्रार्थना करायला सांगितलं. त्यानं हात जोडले, डोळे मिटले, आवाज चांगला भरदार. म्हणाला, "हे परमेश्वरा, तू तिकडं अमेरिकेत लढाई लावली, तिकडचा कापूस थांबवला आणि आमच्या कापसाले सोन्याचा भाव देला, तुझे आभार. ही लढाई अशीच चालू राहू दे, आणि या अन्नाले आशीर्वाद दे." माय, त्याच्या मनात पाप नव्हतं. सबंध बाजार हेच बोलतो. माझ्या अंगावरचं नवं लुगडंही त्याच भावाचं. लेक आमेन म्हणाला, आत्याबाई म्हणाल्या. माझं 'आ' बाहेर आलं आणि 'मेन' आत राहिलं. आणि पोर, वरणाचं भांडं घेऊन उभी, ओठ मिटलेले. अगदी तू.

आत्याबाई म्हणाल्या, "काहून वो पोरी, मघा तं हासत होती. आता वाचा गेली का?" मी डोळ्यांनी तिला खुणावत होते, म्हण ग बाई, म्हण. ती हळूच म्हणाली, "तिथं माह्या बाचा दूधभाऊ हाय. लढाईत." मुलाच्या बापाला काही कळेना. मग मलाच सांगावं लागलं, झोळीपासून सगळं. तो पिवळ्या केसांचा सात-आठ वर्षांचा झाला तेव्हा शिकायला बोटीवर घालून मडमबाईच्या माहेरी, अमेरिकेत पाठवला, आणि मागच्या थंडीत एक पाद्री इथून जाताना सांगून गेला की तो फौजेत गेला आहे. जिवंत आहे की नाही, ठाऊक नाही. पोर रोज देवाजवळ त्याच्यासाठी मागते. मग ती लढाई चालू राहो याला आमेन कशी म्हणेल?

मुलाचा बाप पानाकडे पाहत राहिला. पुरणपोळी त्यानं एकच खाल्ली, आणि तूप घेतलं नाही. तूप न घेणारा पाहुणा मी जन्मात पाहिला नाही. आत्याबाई बोलत राहिल्या, अकोल्याचं पाणी, अमरावतीची धूळ, पण ते भांडी पडावीत तसं बोलणं. उठताना मात्र मुलगा माझ्याजवळ आला, पाहिलं नाही वर, आणि विचारलं, "आजी, त्याइचं नाव काय?" मी म्हटलं, कुणाचं? म्हणाला, "दूधभावाचं. मागताना नाव घ्याव लागते ना." मी नाव सांगितलं. त्यानं दोनदा घोळवलं तोंडात, इंग्रजी नाव, त्याला जमेना. आत चुलीपाशी पोरीनं तिसऱ्यांदा बरोबर करून सांगितलं. बापानं ते पाहिलं. त्याच्या तोंडावर राग होता की आणखी काही, मी किती वेळा आठवून पाहिलं, माझ्या ध्यानात येत नाही. गाडीत बसताना तो एवढंच म्हणाला, "पाहू. तिवशाकडं कापूस पाहाले चाललो, परतताना बुधवारी येतो." नेहमीसारखं येतो म्हणाला की खरंच येणार म्हणून म्हणाला?

पोर गाते आहे, बेसूर. तिला काही वाटत नाही, की वाटतं आणि मला दाखवत नाही. मी दर खडखडाटाला दारात जाते. या दिवसांत खडखडाट म्हणजे काय, गाड्या थांबतातच कुठं.

हा कागद तुला कुठं पाठवू, पुरणाच्या डब्याखाली घालते आहे. एक सांगते, कुणाला म्हणू नकोस. ते गेले त्या दिवसापासून आभाराला माझी जीभ उचलत नाही. मला ठाऊक आहे कशाचे मानायचे ते, पोर गप्प राहिली त्याचे. पण ते मानले आणि गाडी आलीच नाही तर? म्हणून आज जेवताना मी म्हणाले, भाकरीचे आभार. कालही भाकरीचे. परवाही. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, तुझा नियम तिला पाठ आहे. भाकरी उचलली नाही तिनं. उलट वर गूळ ठेवला.

बुधवारी येतो म्हणाले आहेत. आज सोमवार.