दारातली खुर्ची

उस्मानाबाद,
४ फेब्रुवारी १९८६

ती. जाईमावशीस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मला नोकरी लागली. इथल्या पतसंस्थेनं जुनी तालीम पाडून नवी व्यायामशाळा बांधली, तिथं दारातल्या टेबलावर मी असते. आलेल्यांची नावं लिहायची आणि मातीत उतरणाऱ्यांची घड्याळं, अंगठ्या, ताईत सांभाळायचे. पैलवान दिसायला डोंगराएवढे, पण ‘ताई, ताई’ करत चिंचा आणून देतात.

मॅनेजर बलभीमराव मात्र अवघड आहेत. संचालक येता-जाता मी बसलेली दिसते म्हणून त्यांनी माझी खुर्ची काढून आत ठेवली. नोकरमाणसानं उभं असलेलंच शोभतं म्हणे. पाणी भरणाऱ्या विठाबाईंनाही टेकू देत नाहीत. संध्याकाळी माझे पाय चपलेत मावत नाहीत. आई म्हणते, भूमला परत ये. पण तिथं विहीर आटलेली, रानात काम नाही, आणि गेले की माझं लग्न उरकतील. मला हे काम आवडतं गं. काय करू?

तुझी,
प्रज्ञा

सोलापूर,
१० फेब्रुवारी

चि. प्रज्ञास अनेक आशीर्वाद.

पैलवानांच्या चिंचांवर शेजारणींसकट सगळ्या हसलो. कुणी गजरा आणलाच, तर आधी मला कळव.

आमच्या कॉन्व्हेंटात उभं राहणं ही शिक्षा असे. पण सिस्टर आधी गुन्हा सांगायच्या, मग उभं करायच्या, आणि घंटा झाली की स्वतःच बसवून डोक्यावरून हात फिरवायच्या. तो हात अजून आठवतो. तुझा गुन्हा काय, तेवढं मॅनेजरांना गोड आवाजात विचार. नोकरी सोडू नकोस. तुझ्या काकांची घडीची खुर्ची एस.टी.नं पाठवते. ते गेल्यापासून ती रिकामी बघवत नाही. मिठाच्या पाण्यात पाय बुडव असं लिहिणार होते, पण तिकडं प्यायलाच पाणी नाही, तेव्हा खोबरेल चोळ.

माया आहेच. ती वाढवायला पत्र टाकत जा.

तुझी,
जाईमावशी

उस्मानाबाद,
२६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

विचारलं मी, अगदी गोड आवाजात. त्यावर बलभीमराव म्हणाले, जीभ फार चालते, एक तारखेपासून दुसरी मुलगी बघतो. घरी येऊन मी ट्रंक भरली.

पण रविवारी चेअरमन आले. त्यांना डाव दाखवायला बलभीमराव स्वतः उतरणार होते. घड्याळ माझ्या हवाली करून ते आखाड्याकडं वळले. काठावर वस्ताद पाशामियाँ बसलेले. महिनाभर लेकीकडं परंड्याला होते, आदल्याच दिवशी परतलेले. त्यांची जुनी रीत अशी, की अंगावरचं ज्याच्याजवळ ठेवलं, त्याला सलामी दिल्याशिवाय मातीत पाय ठेवायचा नाही. जुन्या तालमीत कोंडिबा नावाचा राखणदार दारातल्या ओट्यावर बसून सगळ्यांची सलामी घ्यायचा. नव्या इमारतीत ओटा गेला आणि रीतही विसरली.

वस्तादांनी विचारलं, घड्याळ कुणाजवळ ठेवलंस? बलभीमराव त्यांच्याच हाताखाली घडलेले, निमूट माझ्यापाशी परत आले. वाकणार, तेवढ्यात वस्ताद तिथनंच म्हणाले, “थांब रे. सलामी उभ्या माणसाला देतेत व्हय? कोंडिबा कुठं बसायचा, आठव जरा.”

मावशी, बलभीमराव उघड्या अंगानं आत गेले आणि माझी खुर्ची स्वतः उचलून घेऊन आले. मी बसले. त्यांनी वाकून सलामी दिली, मागं पैलवानांची रांग. चेअरमनना काही उमगलं नाही, पण सगळे देतात म्हणून त्यांनीही घड्याळ काढून माझ्यापुढं ठेवलं आणि वाकले. मला हसूही आवरेना आणि रडूही.

दुसऱ्या मुलीचं नाव आता कुणी काढत नाही. बलभीमराव रोज सकाळी तोंड वाकडं करून सलामी देतात. मी ट्रंक रिकामी केली.

काकांची खुर्ची काल पोचली. ती मी विठाबाईंना टेबलाशेजारी मांडून दिली. मळेल म्हणून आधी खालीच बसल्या, मग पदरानं पुसून टोकावर टेकल्या. आज त्यांनी पाठ टेकली.

गजरा कुणी आणलेला नाही. चिंचा चालू आहेत.

तुझी माया अशीच एस.टी.नं येत राहो.

तुझीच,
प्रज्ञा