बाबांच्या उशाशी, एकोणीस मतं

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.१०
‘आठवड्याची पोस्ट’चा निकाल लागला. मला दोन मतं. आम्ही एकतीस ब्लॉगर, प्रत्येकाला तीन मतं, स्वतःला द्यायचं नाही. म्हणजे त्र्याण्णव मतं गावभर फिरली आणि त्यातली दोनच माझ्या दारात आली. पोस्ट होती ‘अक्कलदाढेचं राजकारण’. कळायला वाचकाला स्वतःची अक्कलदाढ असावी लागते.
पहिला नंबर ‘सांजवेळ’ नावाने लिहिणाऱ्या बाईंचा. लागोपाठ तिसऱ्यांदा. विषय: गेलेल्या मांजराची वाटी. तेवीस मतं.
आजपासून स्पर्धा बंद. लेखन फक्त स्वतःच्या आनंदासाठी.

दुपारी
लॅबमध्ये तीन कवळ्या पॉलिश केल्या. ताईचा फोन. बाबांची खालची कवळी सैल झाली आहे, जेवताना निसटते, त्यामुळे जेवणंच टाळतात. गाल बसलेत म्हणाली. ती कवळी मी स्वतः केलेली, सहा वर्षांपूर्वी. लोक अजून विचारतात, दात स्वतःचेच का. अर्ध्या तासाचं काम. रविवारी येतो म्हटलं. बसने दोनच तास.

बुधवार, ६ मार्च
पुन्हा भाग घेतो आहे. न घ्यावा तर लोक म्हणतील, ‘परखड’ हरला म्हणून पळाला. (परखड म्हणजे मी.)
शास्त्रशुद्ध अभ्यास केला. गेल्या दहा विजेत्या पोस्टपैकी सातांत कोणीतरी आजारी किंवा गेलेलं. दोनांत घर विकलं. एकीत मांजर. निष्कर्ष: वाचक हसवणाऱ्याला मान देतात आणि रडवणाऱ्याला मत.
माझ्या घरात सगळे ठणठणीत. साहित्याच्या दृष्टीने अडचणच आहे.

रविवार, १० मार्च. संध्याकाळी
ताईकडे जाणं झालं नाही. मतदान आठला बंद होतं आणि नियम असा की बाकीच्या तीसही पोस्टवर कमेंट टाकल्याशिवाय आपलं मत आणि आपली पोस्ट, दोन्ही धरत नाहीत. बसमध्ये रेंज जाते. तीस ठिकाणी ‘छान. शेवट भिडला.’ असं चिकटवलं. त्यातली एक पोस्ट गीझर दुरुस्तीची निघाली. त्याने मनापासून आभार मानले.
ताईला सांगितलं, लॅबमध्ये अर्जंट काम आहे. तसं खोटं नाही. लेखन हेही कामच.

सोमवार, ११ मार्च
तीन मतं. म्हणजे आठवड्यात पन्नास टक्के वाढ.

गुरुवार, १४ मार्च
ताईचा फोन. बाबांना दवाखान्यात ठेवलंय. छातीत पाणी झालंय. तिने रजा टाकली आहे, रात्रंदिवस तिथेच.
मला खरंच धक्का बसला. मेणाचा साचा दोनदा बिघडला. बायको म्हणाली, आत्ताच निघू. मी म्हटलं, घाईने काय होणार, उद्या सकाळी शांतपणे जाऊ.
संध्याकाळी सहज कॉम्प्युटर उघडला आणि ओळ सुचली: ‘बाबांच्या उशाशी बसून हे लिहितो आहे.’ मी बसलो नव्हतो. पण ओळ अशी होती की सोडवेना.

शुक्रवार, १५ मार्च
जाणं उद्यावर. आज ताईला चार फोन केले. बाबा कुठल्या कुशीवर झोपतात, चादर कसली, खिडकीतून काय दिसतं, शेजारच्या खाटेवर कोण. ताई भरभरून बोलली. चादर हिरवी, उसवलेली. खिडकीतून शाळेचं मैदान. शेजारी एक निवृत्त सुतार, जो झोपेत माप सांगतो. बाबा चमच्याने पाणी पितात. त्यांचा हात धरला की अंगठ्याने आपली बोटं मोजत बसतात, एक ते पाच आणि परत एक. कवळी काढून ठेवली आहे, ताई रोज धुते.
मी एवढी चौकशी करतो हे ती बाबांना सांगते म्हणे. त्यांचा चेहरा फुलतो. म्हणाली, करत जा रे फोन. मन भरून आलं. इतका चांगला मुलगा मी गेल्या दहा वर्षांत नव्हतो.
बायकोने मागे उभं राहून मसुदा वाचला. विचारलं, कवळी कोण धुतं? मी म्हटलं, ताई. मग इथे ‘मी’ का लिहिलंय? तिला प्रथमपुरुषी निवेदन समजावून सांगितलं. ती आत गेली आणि बॅग भरायला लागली. एकटीची.

शनिवार, १६ मार्च
ही पहिल्या बसने गेली. जाताना विचारलं, तुमची हत्यारांची पेटी नेऊ का? म्हटलं, तुला काय जमणार, मी सोमवारी येतोच आहे.
अकराला पोस्ट टाकली: ‘बाबांच्या उशाशी’. दुपारपर्यंत चौदा कमेंट. कोणीतरी लिहिलं, असा मुलगा लाभलेला बाप भाग्यवान. सांजवेळ बाईंनी लिहिलं, डोळे पुसत वाचलं. या बाईंबद्दल माझं मत जरा घाईचं होतं.
वाचता वाचता मलाही रडू आलं. खोटं असतं तर आलं असतं का?
बायकोचा फोन. बाबा विचारत होते, हा कुठे आहे. सोमवार सांगितला. तिने फोन ठेवला.

रविवार, १७ मार्च. संध्याकाळी ७.२०
सांजवेळ अठरा. मी अठरा. या आठवड्यात तिचं काय गेलंय कोण जाणे, वाचायला वेळ नाही.
नियमावली पुन्हा चाळली. कलम सात: नवीन सदस्यालाही लगेच एक मत, पहिल्या आठवड्यात कमेंटची सूट. म्हणजे फक्त एक माणूस हवा. फोनमधल्या सगळ्यांना लिंक पाठवली. तीन डेंटिस्ट, प्लास्टरवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, झाडून सगळे.

७.३५
सगळ्यांत ताईही आली. लक्षात आलं तेव्हा मेसेज पोचला होता. चिंता नाही. तिला दवाखान्याच्या धावपळीत वाचायला कुठली फुरसत. दाबलं तर बटण दाबेल.

७.५०
एकोणीस.

सोमवार, १८ मार्च. सकाळी ९.०५
पहिला आलो. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. ब्लॉगच्या कोपऱ्यात सोनेरी पट्टी झळकते आहे. बॅग तयार, हत्यारांची पेटी तयार, कवळीचं मटेरियल घेतलं. साडेदहाची बस.

१०.१५
संयोजकांचा मेल. विजेत्याचं मनोगत बारापर्यंत हवं, दोनशे शब्द. साडेबाराच्या बसने जातो. दोन तासांनी असा काय फरक पडणार.

१२.१०
ताईचा फोन. बाबा साडेअकराला गेले.
मनोगताचे एकशे चाळीस शब्द झाले होते.

मंगळवार, १९ मार्च
साडेबाराची बस चुकली. काल पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. बाबांचं तोंड आत ओढलेलं, ओळखू येईना. पेटी हातातच होती. मी नर्सना म्हटलं, कवळी बसवतो, बरे दिसतील. त्या हळूच म्हणाल्या, आता नाही बसायची. जबडा ताठ झाल्यावर बसत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी मी दोनदा प्रयत्न केला. बायकोने माझे हात धरून बाजूला घेतलं.
ताईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. सगळ्यांना चहा दिला, मलाही दिला.

शनिवार, २३ मार्च. ताईच्या घरी
आज दुपारी आम्ही दोघेच होतो. ती बाबांचे सदरे घड्या घालून ठेवत होती. मी धीर करून विचारलं, मेसेज वाचलास का.
वाचला होता. रविवारी संध्याकाळीच. बाबांना पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली होती. भावाने बाबांवर काहीतरी लिहिलंय, एवढंच तिला ठाऊक होतं. अर्ध्यावर तिला आपलीच हिरवी चादर, आपलाच चमचा ओळखू आला. ती थांबली. बाबांनी पुढे वाच अशी खूण केली. तिने शेवटपर्यंत वाचलं.
पुढचं सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
“मला म्हणाले, ‘कधी येऊन गेला? मला झोप लागली असेल. उठवायचं ना मला.’”
तू काय सांगितलंस, मी विचारलं.
“म्हटलं, तुम्ही गाढ झोपला होतात, तोच म्हणाला उठवू नको. मग म्हणाले, त्याला मत हवंय तर देऊन टाक. त्यांचाच अंगठा धरून बटण दाबलं.”
मी पोस्ट काढून टाकायला फोन घेतला. ताईने तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, “राहू दे. त्यांच्यापुरता तू येऊन गेलास.”
मग ती सदऱ्यांकडे वळली आणि रडायला लागली. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण उठता आलं नाही.
ही वही कोणी वाचत नाही. इथे मतं नाहीत. म्हणून इथे लिहून ठेवतो: मी गेलो नव्हतो.