भरलेला सिलिंडर

१४ सप्टेंबर, रविवार

कंबर गेली कामातून! दिवसभर पिंपळबेटावर सोलरच्या पाट्या बसवल्या. बसवणारे दुसरेच, पण उन्हात उभं राहून ओरडणं हेही कामच आहे.

धरण भरलं की या वस्तीचं बेट होतं. उन्हाळ्यात गंगापूरच्या बाजूनं चिखलातून चालत जाता येतं, आता मात्र होडीशिवाय इलाज नाही. एकतीस घरं. यांची रानं धरणात गेली, धरणावर वीज झाली, आणि इथं साधा खांबसुद्धा आला नाही. वर्षानुवर्षं डिझेलच्या इंजिनावर दिवे. ते इंजिन आप्पाराव चालवायचे, बंद खोलीत, धुरात. आता छाती निकामी झालीय. नाकात नळी, अंगणात खाट, आणि तिथून आमच्यावर हुकूम! "उमाताई, ती तिसरी पाटी वाकडी हाय." पाहिलं तर खरंच वाकडी!

त्यांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. सोलरच्या जोडणीसाठी दोन दिवस इंजिन बंद होतं, म्हणून तेवढा वेळ सिलिंडर लावला. तो संपत आलाय. जीपमध्ये घालून आणला. भरून न्यायचा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सिलिंडर अजून जीपमध्येच. भरून देणारं दुकान चिकलठाण्याला, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हर्सूलला. उद्या नक्की.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या उद्घाटन. हिमांशू सरांचे सकाळपासून फोनवर फोन. हार किती, खुर्च्या किती, पाहुण्यांच्या होडीत गादी टाकली का! गादी! संस्था यांची, सोलर यांचं, पण खुर्च्या मोजायला मी.

सिलिंडर राहिला. आठवलं तेव्हा दुकान बंद झालं होतं.

२० सप्टेंबर, शनिवार

झालं! वीज आली. आप्पांची बायको द्वारकाबाई, त्यांच्या घरातला पंखा फिरला तेव्हा बाया टाळ्या वाजवून हसल्या. एकीनं तर त्याला ओवाळलं.

इंजिन होडीत चढवलं. बेटावर इंजिन ठेवायचं नाही, ही संस्थेची अट. ठेवलं तर लोक पुन्हा डिझेलवर जातात, असं सरांचं म्हणणं. आप्पा होडीकडं बघत म्हणाले, "जा बाबा. लई धूर पाजलास." सगळे हसले. माझे डोळे भरून आले.

मग मी भाषण ठोकलं. "ही यंत्रं आता तुमच्या औतासारखी. त्यांना जीव लावा, नुसती राबवू नका, आरामही द्या." बॅटऱ्या अति वापरू नयेत म्हणून म्हटलं. टाळ्या पडल्या. मला ते वाक्य फार आवडलं होतं. खोटं कशाला लिहू.

तेवढ्यात द्वारकाबाईंनी माझी ओढणी ओढली. "ताई, यांचं नळकांडं भरून आणलं का?" शेजारी सर, पाहुणे, कॅमेरा. मी म्हणाले, "हो मावशी, भरलेलंय." सिलिंडर सामानासोबत तसाच होडीतून आला होता, तो त्यांचा मुलगा कृष्णा लगेच खांद्यावर घेऊन गेला.

पुढच्या खेपेला गुपचूप बदलून टाकीन. आता वीज आहेच चोवीस तास, सिलिंडर लागतोय कशाला!

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाणी चढलंय. होड्या बंद. कृष्णाला फोन केला. "एकदम झकास ताई! आप्पा टीव्ही पाह्यलेत." सिलिंडरचं फोनवर सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. लाज वाटली.

१ ऑक्टोबर, बुधवार

आप्पा गेले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल होडी सुरू झाली. जाऊन आले. लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

परवा खंडेनवमी होती. औत, कोयता, वजनकाटा, होडीची वल्ही, सगळं धुऊन पुजायचं, आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही. यंदा त्यांनी सोलरची यंत्रंही पुजली. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. आणि मेन बटण बंद केलं. औत समजा, आराम द्या, असं मीच सांगितलं होतं ना! मी शहरातली शहाणी. आमच्या घरी दसऱ्याला पुस्तकं पुजतात. हत्यार दिवसभर थांबवतात हे माझ्या गावीही नव्हतं.

आप्पांचा विचार केला नाही असं नाही. आधी त्यांनाच विचारलं. तेच म्हणाले, "एक दिवस सोलरलाबी बसू द्या. माझं नळकांडं हाय की भरलेलं." कृष्णानं नळी सिलिंडरला लावली आणि जाऊन बटण बंद केलं.

सिलिंडरमध्ये होतं ते तासाभरात संपलं असेल. सिलिंडरचा काटा कसा बघायचा हे मी कुणाला शिकवलंच नव्हतं. सगळे पूजेला गेलेले. द्वारकाबाई नैवेद्य घेऊन घरी आल्या, त्यांना वाटलं आप्पांचा डोळा लागलाय. पांघरूण घातलं आणि उठतील म्हणून बसून राहिल्या.

कृष्णा कुणाशी बोलत नाही. भिंतीकडं तोंड करून बसतो. "बटण मीच बंद केलं," एवढंच.

आणि मी तिथंही बोलले नाही. होडीनं येणाऱ्या नातेवाइकांसाठी ठेवलेल्या प्रेताला हार घालून परत आले.

६ ऑक्टोबर, सोमवार

अहवाल तयार. सरांनीच लिहिला. 'सूचना देऊनही वापरकर्त्यांनी परंपरेपोटी यंत्रणा बंद ठेवली.' म्हणाले, "उमा, सही कर. आपल्या बाजूनं काही चूक नाही."

मी म्हटलं, उद्या करते. उद्या! माझा हा शब्द जाळून टाकला पाहिजे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बेटावरून गोकुळभाऊंचा फोन. तिथल्या समितीचे तेच प्रमुख. त्या दिवसापासून मेन बटण बंदच आहे. कुणी हात लावायला तयार नाही. "ताई, लोक भ्याले हाईत. सोलर नको म्हनायलेत. तेरावं झालं की इंजिन वापस आणू." मग आवाज खाली करून, "कृष्णा जेवंना. पोराच्या हातून बाप गेला म्हनत्यात लोक."

पोराच्या हातून!

पुन्हा तो धूर. पुन्हा कुणीतरी त्या खोलीत इंजिनाशी बसणार. आणि कृष्णा जन्मभर भिंतीकडं तोंड करून. कशासाठी? तर मी चिकलठाण्याला गेले नाही, आणि चारचौघांत 'नाही' म्हणायला लाजले म्हणून.

हरामखोर आहेस तू उमा. लिहून ठेव.

१३ ऑक्टोबर, सोमवार

तेराव्याला गेले.

पंगत उठल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. सिलिंडर भरलेला नव्हता. मी भरलाच नव्हता. मावशींनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले, एवढंच सांगता आलं.

गोकुळभाऊ जमिनीकडं बघत राहिले. मग द्वारकाबाई म्हणाल्या, "पुन्हा सांग. कृष्णाला ऐकू जाईल असं सांग."

मी आत गेले. पुन्हा सांगितलं. त्यानं मान वळवली. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "म्हंजी बटणानं नाय?"

"मी भरलेला म्हटलं नसतं तर तू बटण बंद केलंच नसतंस, कृष्णा."

तो हमसून हमसून रडला. मी हात पुढं केला, त्यानं झिडकारला. बरोबरच आहे. बाहेर आले तर द्वारकाबाई म्हणाल्या, "होडी सुटायलीय, जा." माझ्याकडं बघितलंही नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अहवालावर सही केली नाही. माझं स्वतःचं एक पान लिहून सरांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "तुला कळतंय का याचा अर्थ?"

कळतोय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

कृष्णाचा फोन. इंजिन आणणार नाहीत. मेन बटण आज त्यानंच चालू केलं. काटा बघायला शिकलाय, आता घरोघर शिकवणार म्हणाला. फोन ठेवता ठेवता म्हणाला,

"ताई, आई म्हणती, तुम्ही आता बेटावर येऊ नका."

बरं म्हटलं.